शरद सीडलेस काळ्या द्राक्षाला रंग चढेना, समुद्री शेवाळाचा अर्क मारावा का?

बागवाला_अथणी
9×5 फुटी लागण, मण्यात पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागलाय. घड खांद्याकडं काळा, शेंड्याला तांबूस. रंगासाठी मारतात ते इथेफॉन नको, मणी मऊ पडून गळतात. दुकानात शेवाळाचा अर्क आणि अल्जिनेट ऑलिगो असे दोन डबे दाखवलेत. कुठला, कधी, किती? कॅल्शियम नायट्रेट त्यातच चालेल काय?

मुळापासून
दोन्ही एकच समजू नका. साध्या अर्कात सायटोकायनिन, म्हणजे पेशी वाढवणारं संप्रेरक असतं. ते फुलोऱ्यापासून मणी फुगेपर्यंत कामाचं. पाणी उतरल्यावर जास्त मारलं तर मणी हिरवटच रेंगाळतो. ऑलिगो म्हणजे तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेटचे तोडलेले बारीक तुकडे. वेलीला वाटतं कुणीतरी हल्ला केलाय, मग ती बचावाची रसायनं बनवायला लागते. अँथोसायनिन, म्हणजे सालीतला काळा रंग, त्याच वाटेवर तयार होतो.

शंभरात पाच-दहा मणी रंगले की ऑलिगोची पहिली फवारणी, आठ-दहा दिवसांनी दुसरी. मात्रा लेबलवरचीच. 2 मिली लिटरला असेल तर 400 लिटरला 800 मिली. ऊन कलल्यावर मारा. स्टिकर (औषध चिकटवणारं द्रव) नको, मण्यावरची पांढरी झाक जाते आणि बाजारात माल शिळा दिसतो.

पाणी_तपासा
कॅल्शियम अजिबात नको! अल्जिनेट न् कॅल्शियम भेटले की जेली होते, नोझल तुंबतात. तुकडे बारीक असतील तर कमी, पण डब्यात लांब साखळी किती शिल्लक आहे ते कोण सांगणार? बाटलीत लिटरभर बोअरचं पाणी, 2 मिली औषध, 5 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून अर्धा तास ठेवा. लांब साखळी शिल्लक असेल तर गुठळ्या दिसतील. कॅल्शियम नायट्रेट न घालता नुसत्या बोअरच्या पाण्यात औषध टाकूनही दिसल्या तर पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. पोटॅशनं काढलेल्या अर्काचा सामू (pH) 8 ते 10 असतो, त्यात कीटकनाशकही मिसळू नका.

बागवाला_अथणी
वेलीला 60 घड आहेत. कमी करायचे काय?

मुळापासून
मग डब्याआधी कात्री घ्या की! वर्गफुटाला एक घड धरला तरी 45 फुटाच्या वेलीला 40-45 पुरे. 60 घडांना साखर पुरत नाही, आणि साखरेवाचून रंग चढत नाही. शेंडा तांबूस राहतो तो त्यामुळंच. मागं राहिलेले घड काढा, घडाजवळची पिवळी पानं काढा, पण सगळी नको, ऊन लागून मणी भाजतात. नत्र बंद, पालाशाचं 0-0-50 खत ठिबकातून. दोन ओळी न फवारता सोडा, म्हणजे डब्यानं काय केलं आणि कात्रीनं काय केलं ते वेगळं कळेल.