सत्राच्या सुरुवातीला मिळालेली शिष्यवृत्ती शेवटपर्यंत कशी पुरवावी?

प्रश्न : माझी शिष्यवृत्ती सत्राच्या आरंभी एकरकमी जमा होते आणि सत्र संपण्यापूर्वीच हात आखडता घ्यावा लागतो. दर महिन्याचे अंदाजपत्रक आखूनही शेवटचे आठवडे ओढाताणीचे जातात. नेमके काय बदलावे?

पहिले उत्तर : महिन्याऐवजी आठवडा हे एकक धरून पाहावे. आधी भाडे, शुल्क, प्रवासाचा पास हे अटळ खर्च संपूर्ण सत्रासाठी वजा करावेत, परीक्षा शुल्कासारख्या उशिरा येणाऱ्या पण ठाऊक असलेल्या खर्चांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि उरलेल्या रकमेला आठवड्यांच्या संख्येने भागून तेवढेच पैसे दर सोमवारी रोजच्या खात्यात वळते करावेत. महिन्याच्या हिशेबात चूक लक्षात येईपर्यंत बराच पैसा गेलेला असतो. आठवड्याच्या हिशेबात ती चार-पाच दिवसांतच कळते. दैनंदिन नोंदवह्या बहुतेकांच्या पंधरवड्यात बंद पडतात, म्हणून त्यांचा आग्रह मी धरणार नाही.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे. पाठ्यपुस्तके मात्र पहिल्या व्याख्यानापूर्वी विकत घेऊ नयेत. ग्रंथालयातील प्रत किंवा मागील आवृत्ती पुष्कळदा पुरते.

तिसरे उत्तर : तूट क्रेडिट कार्डावर ढकलू नये. दरमहा ३ टक्के व्याज किरकोळ वाटते, परंतु चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होते, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल जेमतेम हलते. त्यापेक्षा विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य निधीची चौकशी वेळीच करावी.