रॅचेट स्क्रू ड्रायव्हर कोणता घ्यावा? बिट सारखे झिजतायत

रंधा_पटाशी (नाशिक)

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं घरच्या घरी सुतारकाम करतोय, सगळं हातानेच, ड्रिल मशीन आहे पण स्क्रू मात्र हातानेच पिळतो कारण सागवानात मशीनने दोनदा डोकं उडवलं स्क्रूचं. सध्या आईच्या खोलीतलं कपाट चाललंय, सहा दारं म्हणजे बिजागऱ्यांचे स्क्रूच किती होतात बघा, मनगट भरून येतं. म्हणून ऑनलाइन एक रॅचेटवाला (मूठ पुढे-मागे फिरवली तरी स्क्रू एकाच दिशेला पिळणारा) ४६ पीसचा सेट मागवला, तर दोन दारं होईस्तोवर स्टार म्हणजे फुलीच्या बिटाची टोकं गोल झाली आणि आता तर रॅचेटही मध्येच कटकट करून सुटतो, जोर लावला की मूठ नुसतीच फिरते. टिकाऊ घ्यायचा असेल तर नक्की काय बघून घ्यायचं? बजेट अडीच हजारापर्यंत, पण एकदाच घ्यायचाय. आणि बिट वेगळे घ्यावेत का सेटमधलेच चालतात?

जुना_फिटर (भोसरी)

भाऊ, आधी एक सांगतो, रॅचेट हा वेग वाढवायला असतो, ताकद लावायला नाही. बत्तीस वर्षं एमआयडीसीत काढली, शेकडो रॅचेट हाताखालून गेले, आणि जे मेले ते बहुतेक सगळे शेवटचा पिळ देताना नाहीतर गंजलेला स्क्रू सोडवताना मेले. आत एक दातेरी चाक असतं आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेली एक किंवा दोन कुत्री (दातात अडकणारे छोटे खटके), सगळा जोर त्या चिमुकल्या कुत्र्याच्या टोकावर येतो. ७२ दात असतील तर ५ अंशावर पकडतो, अडचणीच्या जागी ते फार सोयीचं, पण दात बारीक म्हणजे प्रत्येक दाताला लोखंड कमी, त्यामुळे स्वस्तातल्या मालात जास्त दातांच्या मागे लागू नका. कपाटाला ३०-३६ दात पुष्कळ झाले.

दुकानात गेलात की हे करा. रॅचेटची कळ मधल्या लॉकवर टाका, म्हणजे तो दोन्हीकडे घट्ट राहतो, बिट पक्कडीत धरा आणि मूठ पिळून बघा, जराही खेळ जाणवला तर खाली ठेवा. मग रॅचेटवर टाका, बिट दोन बोटांत अगदी हलकं धरा आणि मूठ उलटी फिरवा. बिट बोटांतून मुठीमागे ओढलं गेलं तर तो रॅचेट घेऊ नका. स्क्रू सुरुवातीला सैल असतो ना, तेव्हा असा जड रॅचेट प्रत्येक परतीच्या हाताला स्क्रू पण मागे आणतो आणि माणूस वैतागतो. ही तपासणी ऑनलाइन होत नाही, म्हणून माझं मत कायम दुकानात जाऊन हातात धरून घ्या असंच आहे, पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला अर्धा दिवस मोडला तरी चालेल.

आणि घट्ट बसलेल्या स्क्रूला लॉक लावून मगच जोर द्यायचा, किंवा साधा अखंड दांड्याचा डिसमिस वापरायचा. माझ्याकडे टपारियाचा साधा आहे, तो अजून चालतोय.

शीतल_वुपरटाल

फिटरकाकांचं रॅचेटबद्दलचं अगदी पटलं. पण दादा, मला शंका बिटाची आहे. बिजागऱ्या त्या कप बसवायच्या ऑटोवाल्या आहेत का? असतील तर त्यांच्या स्क्रूचं डोकं उजेडात नीट बघा. मोठ्या फुलीच्या मधे-मधे, ४५ अंशात, चार बारीक रेघा दिसतायत का? दिसल्या तर तो फिलिप्स म्हणजे साधी फुली नाही, पोझिड्राइव्ह आहे आणि त्याला पीझेड२ बिट लागतं. इथे जर्मनीत फर्निचरमध्ये तेच जास्त दिसतं, मी इथे आल्यावर पहिल्या वर्षी भारतातून आणलेल्या पीएच२ ने (फिलिप्सचं दोन नंबरचं बिट) सगळं स्वयंपाकघर जोडायला घेतलं आणि अर्ध्या स्क्रूंची खाच उडवून बसले होते, तेव्हा शेजारच्या आजोबांनी भिंग देऊन फरक दाखवला.

फिलिप्सच्या खाचेच्या बाजू तिरक्या असतात, जोर वाढला की बिट वर चढून बाहेर येतं. पोझिड्राइव्हच्या बाजू जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे बिट खाली बसून राहतं. पीएच२ पीझेडच्या खाचेत बसतं खरं, पण फक्त टोकाशी टेकतं आणि तिथेच झिजतं. दोन्ही सारखेच दिसतात म्हणून कुणी लक्ष देत नाही.

आमच्याच गावची वेरा म्हणजे जर्मन कंपनी, त्यांचे बिट चांगले, स्वित्झर्लंडच्या पीबीचे तर अप्रतिमच पण तुमच्या बजेटबाहेर जातील. मी म्हणेन मूठ मध्यम घ्या आणि पैसे बिटात घाला, पीएच२ दोन, पीझेड२ दोन, पीएच१ एक, बास. ४६ तुकड्यांतले चाळीस कधी डबीतून बाहेरच येत नाहीत.

जुना_फिटर (भोसरी)

ताईंनी बरोबर नस पकडली. भर एवढीच, बिटावर एस२ (पोलादाचा प्रकार) लिहिलेलं बघा, साध्या क्रोम व्हॅनेडियमपेक्षा मार जास्त सोसतं. पण नुसतं लिहिलंय म्हणून भरवसा नको, ट्रीटमेंट कशी झालीय त्यावर सगळं असतं, म्हणून आधी एकच घ्या, वापरा, मग बाकीचे. सोनेरी मुलामा बघून भुलू नका. मधे कंबर बारीक केलेले टॉर्शनवाले बिट असतात ते इम्पॅक्ट मशीनसाठी, हाताने पिळणाऱ्याला त्याचा विशेष फायदा नाही. आणि गाडीचं काम करणार असाल तर जपानी बाइकच्या फुलीला पीएच२ घालू नका, तिथे जेआयएस म्हणजे जपानी मापाचं बिट लागतं, व्हेसल कंपनीचे मिळतात.

कोकणी_सुतार (कुडाळ)

आमचं तिसऱ्या पिढीचं काम हे. हत्याराचं वर सगळं सांगून झालंय, मी लाकडाचं सांगतो. सागवानात भोक न पाडता स्क्रू घालत असाल तर कुठलंच बिट टिकणार नाही. ४ एमएमच्या स्क्रूला अडीच-तीन एमएमचं भोक, आणि आट्यांना मेण किंवा कपड्याचा साबण चोळायचा, वडील साबणाची वडीच खिशात ठेवायचे. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढून मग पितळी, नाहीतर मान तुटून आतच राहते. आणि पिळताना तळहात मुठीच्या मागे दाबून, सरळ रेषेत. फुलीच्या बिटाला फिरवण्याइतकाच दाब लागतो.

रंधा_पटाशी (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. शीतलताई, आत्ता मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. दाराच्या लाकडात जाणारे चार स्क्रू साधे फिलिप्स आहेत, पण दार वर-खाली, आत-बाहेर सरकवायचे जे दोन अॅडजस्टमेंटचे स्क्रू आहेत त्यांच्यावर चारी रेघा स्वच्छ दिसतायत. एकाच बिजागरीत दोन प्रकार! आणि माझा सगळा त्रास त्या दोघांवरच होता, जुन्या बिटाची टोकं पण बरोबर टोकालाच चकचकीत झालीत, वरचा भाग कोरा आहे. शनिवारी पुण्याला येतोय तेव्हा बोहरी आळीत जातो. फिटरकाका, रॅचेट उघडून वंगण घालायचं का, आणि कुठलं?

जुना_फिटर (भोसरी)

वर्षातून एकदा. भुसा साफ करून पातळ ग्रीस, काडीच्या टोकावर घेऊन, अगदी फिल्मसारखं. जाड ग्रीस भरलं की कुत्री चिकटून बसतात आणि दात सोडतात, तुमच्या त्या सेटमध्ये तेच झालंय का ते उघडून बघा एकदा.