नवे स्पीकर आधी की हॉलची मांडणी आधी?

तरंग :
हॉलमधली स्टिरिओ जोडी बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कोणते स्पीकर घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. मुंबईतल्या १० बाय १४ फुटांच्या हॉलमध्ये आधी मांडणी आणि भिंती सुधाराव्यात. ते न करता दुप्पट किमतीची जोडी आणली तर जुनाच दोष जास्त स्पष्ट ऐकू येतो, बाकी काही नाही.

कारण साध्या गणितात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तो समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागला की त्या दिशेला खोली किती हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) सुराला घुमते ते कळतं. १४ फुटांना ४० हर्ट्झ, १० फुटांना ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे एकमेकांना खेटून आहेत, म्हणजे त्याच पट्ट्यात आवाज दोन्ही दिशांनी फुगतो. बेस गिटारचा ५५ हर्ट्झचा सूर आणि त्याच्या शेजारचा ५८ चा सूर अंगावर येतात आणि त्यांच्यापुढचे सूर दबलेले वाटतात. यात स्पीकरचा काही दोष नसतो. त्यात खाली टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, बाकी भिंतींवर गुळगुळीत पीओपी. हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा, मागोमाग धातूसारखा छणछणाट येतो. प्रत्येक गायकाच्या 'स' आणि 'श' वर तोच चढतो.

करायचं ते असं. स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यातून बाहेर काढा, कप्पा स्वतः घुमतो. दोन स्पीकरमध्ये सहा ते साडेसहा फूट अंतर ठेवा आणि सोफाही प्रत्येकापासून तितकाच किंवा थोडा जास्त लांब. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला हवा, सोफ्यावर बसल्यावर ही उंची जमिनीपासून ३६ ते ३८ इंच भरते. सोफा मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे, कारण भिंतीला लागून खालचे सूर साचतात. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी. मग एकाने सोफ्यावर बसायचं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. आरशात ट्वीटर दिसला की तिथे पॅनल : घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), २ बाय ४ फूट, ५० मिमी जाड, लाकडी चौकट, वर सुती कापड, मागे ५० मिमी पोकळी. मुंबईत ही पोकळी सोडायचीच, नाहीतर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीची ओल कापडात उतरते आणि बुरशी धरते. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम लावू नका. तो फक्त सर्वांत वरचे सूर खातो आणि खोली मंद करून टाकतो.

दादर_टीटी :
मांडणीचा मुद्दा मान्य, पण क्रम अजिबात मान्य नाही.

पहिलं म्हणजे तुमचं गणित बंद खोक्याचं आहे. इथल्या बहुतेक हॉलना एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा उघडा पॅसेज असतो, दुसरीकडे गॅलरी हॉलमध्ये घेतलेली असते. त्या दिशेला खालचे सूर बाहेर निघून जातात आणि घुमण्याची जागा सरकते. ४० चा आकडा कागदावरच राहतो. संगणकावर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर टाका, कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन कानाच्या जागी ठेवा आणि मोजा. फूटपट्टीवरून पॅनल ठरवू नका.

दुसरा मुद्दा मोठा आहे. तुम्ही सुरुवात केली ५६ हर्ट्झच्या फुगवट्याने आणि औषध दिलंत ५० मिमी रॉकवूलचं. ते मागची पोकळी धरूनही साधारण २५० हर्ट्झच्या खाली फारसं काही करत नाही. म्हणजे जो दोष दाखवलात तो तसाच राहिला. शिवाय सोफा फूटभर पुढे घेतला की दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये माणसं ये-जा कुठून करणार? तिथे डायनिंग टेबलही आहे, रात्री कुणाचा तरी बिछानाही पडतो.

म्हणून मी उलट सांगेन : खोली बदलता येत नाही, मग खोलीला साजेसा स्पीकर घ्या. पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा शंकू), पूर्ण बंद पेटी किंवा पुढच्या बाजूला पोर्ट (हवेसाठीचं भोक), आणि ट्वीटरचा फैलाव आडवा व सारखा. बाजूला बसलेल्यालाही तोच सूर ऐकू यायला हवा, कारण घरात सगळे मधल्या खुर्चीत बसत नाहीत. पेटी बंद असेल तर खालचा उतार सप्तकाला १२ डेसिबल असतो, पोर्टवाल्या पेटीचा २४. बंद पेटीचा हा सावकाश उतार आणि भिंतीजवळ खालच्या सुरांना मिळणारी ६ डेसिबलपर्यंतची वाढ, दोन्ही एकमेकांना छान पूरक ठरतात. दहा फुटांत भलेमोठे टॉवर स्पीकर उभे करणं ही चूक आहे, आणि ती दुकानातल्या मोठ्या खोलीत ऐकून निर्णय घेतल्यामुळे होते.

खरज :
'स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा' हा सल्ला सरसकट दिला जातो. या धाग्यावर तो येण्याआधीच थांबवतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज पुढच्या आवाजाला एका ठरावीक सुरावर मारतो. त्या सुराचे हर्ट्झ म्हणजे ध्वनीचा वेग भागिले, भिंत ते स्पीकरचा पुढचा चेहरा या अंतराची चौपट. चेहरा दोन फुटांवर, म्हणजे ६१ सेंमीवर असेल तर खड्डा पडतो १४० हर्ट्झला. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) मध्ये गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, १३८.६ हर्ट्झ. म्हणजे ज्या सुरावर अख्खी मैफल उभी आहे तोच सूर पोकळ होतो. लोक म्हणतात "आवाज पातळ आहे, अ‍ॅम्प बदलू", आणि अ‍ॅम्प बदलूनही तो पातळच राहतो.

त्यापेक्षा २५ सेंमी खोल पेटी भिंतीपासून १५ सेंमीवर ठेवा. चेहरा ४० सेंमीवर येतो आणि खड्डा २१४ हर्ट्झला सरकतो. त्या १५ सेंमीच्या फटीत १०० मिमी जाडीचं पॅनल बसतं, केबलला ५ सेंमी उरतात, आणि एवढ्या जाडीला २१४ वर बराच फरक पाडता येतो. १४० वर तेच पॅनल दुबळं पडतं. त्यामुळे या मुद्द्यात दादर_टीटी यांच्या बाजूने. फक्त मागच्या बाजूला पोर्ट असलेली पेटी अशी ठेवायची असेल तर आधी पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐका.

तरंग :
५० मिमीचं पॅनल ५६ हर्ट्झसाठी नाहीच, ते टाळीच्या छणछणाटासाठी. खालच्या सुरांचा उपाय बसण्याची जागा आणि इक्वलायझर. लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर ४० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो, भिंतीला डोकं टेकलंत तर दुथडी भरून येतो. १४ फुटांच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे भिंतीपासून सव्वापाच फुटांवर, दोन्ही टोकं टळतात. हे जमत नसेल तर मोजून आलेला फुगवटा डीएसपीने, म्हणजे डिजिटल इक्वलायझरने, कापा. फक्त कापा. खड्डा भरायला जाऊ नका : तिथे आवाज एकमेकांना मारतोय, वर ६ डेसिबल दिले तरी तेही मारले जातात आणि अ‍ॅम्पवर चौपट भार येतो.

भिंतीजवळच्या मांडणीला माझा विरोध नाही. पण ती करायची तर मागे १०० मिमीचं पॅनल लागणारच, म्हणजे शेवटी भिंत सुधारणं आधी आलंच.

ओहम :
अ‍ॅम्पबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ८६ डेसिबल संवेदनशीलतेची (१ वॅटवर एक मीटरवर मिळणारा आवाज) जोडी १ वॅटवर नेहमीच्या हॉलमध्ये सोफ्यापाशी साधारण ८० डेसिबल देते. सरासरी ७५ ला ऐकलं आणि तबल्याच्या थापेला २० डेसिबल मोकळे ठेवले तर लागतात ३२ वॅट. ५० खरे वॅट पुरे. टीपीए३२५५ चिपचे छोटे अ‍ॅम्प हे काम करतात, फक्त वीजपुरवठा धड हवा.

केबल : पाच मीटर लांबीला १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला चालतो, ४ ओहमला २.५ चौरस मिमी घ्या. लॅमिंग्टन रोडवर रीळ घेताना तारेचा एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर ते तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याचा रोध दीडपटीहून जास्त. समुद्राजवळच्या घरात उघडी टोकं हिरवी पडतात. पावसाळ्यानंतर टोक कापून नवं सोला.

नवी जोडी जोडल्यावर बेस गायब झाला तर एका स्पीकरचं अधिक-उणे उलटं असतं. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, अधिक टोकाला अधिक मिळालं तर शंकू बाहेर येतो. आणि सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थ लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या अर्थमधून प्रवाह फिरतोय. टीव्हीपासून अ‍ॅम्पला ऑप्टिकल केबल टाका, टीव्हीत आवाज 'पीसीएम' (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) वर ठेवा. थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे.

मध्यसप्तक :
दोन्ही बाजू नवं घेण्याबद्दलच बोलताहेत. घरात जुनी सोनोडाइन किंवा कॉस्मिकची जोडी असेल तर आधी ती उघडा. कित्येकदा फक्त शंकूभोवतीची फोमची कड गळलेली असते. या हवेत ती दहा-पंधरा वर्षांत चिकट होऊन तुटते, रबरी कड खूप जास्त टिकते.

जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडून काढायचा, नवी कड आधी शंकूला चिकटवायची, सुकू द्यायची. मग चौकटीला लावताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडायचा. खरखर आली म्हणजे कॉइल घासतेय, ती थांबेपर्यंत शंकू सरकवून मधोमध आणायचा. पावसाळ्यात चोवीस तासांऐवजी दोन दिवस हात लावू नका. क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) जुने बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज कमी नको. फिल्म कपॅसिटर घातला तर अंतर्गत रोध घटतो आणि ट्वीटर जरा जास्त चमकतो. अर्ध्या ओहमपर्यंतचा रेझिस्टर मालिकेत टाकला की पूर्वीचा तोल परत येतो.

दादर_टीटी :
कडेपुरतं बरोबर. पण ट्वीटर गेला आणि जागी 'बसेल तो' घातला तर क्रॉसओव्हर त्याच्याशी जुळत नाही, डावा-उजवाही एकसारखा राहत नाही. आणि चिपबोर्डची पेटी खालून फुगली असेल तर त्यावर खर्च करू नका, तिचे सांधे हवा सोडतात.

गिरगाव_कट्टा :
सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) घ्यावा का? खाली वयस्कर शेजारी आहेत.

खरज :
काळी एकचा तानपुऱ्याचा खरज (सर्वांत खालचा सा) ६९ हर्ट्झ आहे, पाच इंची चांगला वूफर तिथपर्यंत जातो. गायन-वादन ऐकत असाल तर सबची गरज नाही. चित्रपटांसाठी घेणार असाल तर बंद पेटीचा आठ इंची, ८० हर्ट्झला तोडलेला, म्हणजे त्याच्या वरचे सूर त्याला न देता. खाली रबरी पॅड घातलं तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून स्लॅबमध्ये जाणारा बेस मात्र पॅडने अडत नाही, त्याला आवाज कमी करणं हाच उपाय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण शेजाऱ्यांना त्याआधीच त्रास होतो, म्हणून त्यांच्या घरात उभं राहून एकदा ऐका आणि नॉबवर खूण करा.

आणि जोडी ठरवताना दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी घरी मागा. दोन जोड्यांचा आवाज सोफ्यापाशी मोजून अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, नाहीतर जी थोडी मोठी वाजते तीच चांगली वाटते.