मदत हवी आहे : जुन्या काळात घेऊन जाणाऱ्या वस्तूंना एक शब्द सुचवा ना

नमस्कार मंडळी, आमचा जुन्या नाशकातला वाडा आता पाडला जाणार, म्हणून गेले दोन रविवार माळा आवरतोय. काल आजीचा तांब्याचा बंब खाली काढला, तोटी अजून घट्ट बसलेली, आत तळाशी राख तशीच, आणि झाकण उघडल्यावर जो वास आला ना, एकदम दिवाळीची पहाट, उटणं आणि आजीची हाक सगळं समोर उभं राहिलं. आई तर तिथेच पायरीवर बसून राहिली.

तर प्रश्न असा की अशा वस्तूला मराठीत काय म्हणायचं? भावनेला शब्द आहेत, स्मरणरंजन आहे, गतकातरता आहे. पण मला ती भावना जागवणाऱ्या वस्तूचं नाव हवंय. स्मृतिचिन्ह म्हटलं की सत्कारातली ढाल आठवते, ते नको. नॉस्टॅल्जिया हा शब्दसुद्धा १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरी परतणं आणि वेदना या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून मुद्दाम बनवला होता, घरापासून दूर राहिलेल्या स्विस लोकांच्या आजारासाठी, मग आपणही एक बनवू शकतो की!

मला आठवणखूण सुचलाय, आई म्हणते कोरडा वाटतो. आईच्या पंचाहत्तरीला बंब, पाटा-वरवंटा, कंदील हे सगळं हॉलमध्ये मांडणार आहोत, वर पाटी लावायचीय. तुमच्या घरी, गावाकडे असा एखादा बोलीतला शब्द असेल तर प्लीज सांगा, कसा वापरतात तेही लिहा.