'बाटली', 'विकली गेली' की 'परकी झाली'? एक अडलेलं वाक्य

पाटीपेन्सिल:
इथे ॲरिझोनातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी शेजारच्या आजोबांच्या आठवणी मराठीत करतेय. सत्तरच्या दशकात ते ट्रक चालवायचे आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या वळणाची गाणी गाणारी लिंडा रॉनस्टॅट म्हणजे त्यांचा जीव की प्राण, ती इथल्याच टुसॉनची, त्यामुळे अजूनही गावातल्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलतात. 1980 ला तिची 'मॅड लव्ह' आली, न्यू वेव्ह या तेव्हाच्या नव्या रॉकच्या चालीवरची, तर ती रेकॉर्ड त्यांनी एक बाजू ऐकून जी ठेवली ती ठेवलीच. मूळ वाक्य तीन शब्दांचं आहे, 'शी वेन्ट पॉप'. मी आधी लिहिलं 'ती पॉपकडे वळली', पण ते चौकातून उजवीकडे वळल्यासारखं वाटलं. मग लिहिलं 'ती बाटली'. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'तिने पॉप संगीताचा अंगीकार केला' केलंय. आता यात आजोबांना काय झालं ते कुठाय? शब्द सुचवा प्लीज.

खडीसाखर:
'बाटली'च ठेव गं. जे शुद्ध होतं ते शुद्ध राहिलं नाही हेच त्यांना म्हणायचंय ना. आमची आजी, सोवळ्याला कुणाचा नुसता पदर लागला तरी 'बाटलं' म्हणायची आणि पुन्हा आंघोळीला जायची, तिच्या तोंडावर जे असायचं तेच आजोबांच्या वाक्यात आहे. एकच अडचण, नुसतं 'ती बाटली' वाचलं की आधी डोळ्यासमोर शिशी येते.

उंबरठा:
मला हा शब्द खटकतो आणि का ते सांगतो. माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता यायचं नाही कारण विहीर बाटायची. तुमच्या आजीला पदर लागून बाटायचं, तो पदर आमच्या घरातला असला तर काय व्हायचं विचार करा. शब्दकोशात अर्थ भ्रष्ट होणे असा एका ओळीत संपतो, आमच्याकडे तो संपलेला नाही. एका बाईने गाण्याची चाल बदलली त्याला हा शब्द लावू नका.

खडीसाखर:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या घरात तो स्वयंपाकघरातला शब्द होता म्हणून मी तसाच घेतला. मागे घेते.

तबकडी:
शब्द नंतर, आधी आरोप खरा आहे का ते बघूया. लिंडाबाई 'शुद्ध कंट्री' कधी होत्या? 1974 ची 'हार्ट लाइक अ व्हील' घ्या, त्यातली जी सिंगल निघाली तिच्या एका बाजूचं गाणं 1975 च्या फेब्रुवारीत पॉपच्या यादीत 1 नंबरला गेलं आणि त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला कंट्री गायक हँक विल्यम्सचं जुनं गाणं, ते कंट्रीच्या यादीत 2 नंबरला आणि कंट्री गायनाचं ग्रॅमी पण त्यालाच. एकच तबकडी, दोन्ही बाजू तिच्याच. 1971 ला तिच्या मागे वाजवायला होते ते ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्ली, त्यांनी पुढे ईगल्स हा रॉक बँड काढला. कंट्री-रॉक ही चीजच मुळात मिसळीची आहे. तिने मिसळ बदलली असं म्हणा.

मोडीवाला:
पण मराठीत लिहिताना पॉप, कंट्री, रॉक हे सगळं जसंच्या तसं का? कंट्रीला 'गावरान' इतका नेमका शब्द आहे, गावरान कोंबडी, गावरान अंडी, तसं गावरान रॉक. आणि पॉपला 'सुगम'. 'गावरान सोडून ती सुगम गाऊ लागली', बघा, आजोबांचं दुःख पण आलं आणि एकही परका शब्द नाही.

गल्लाभरू_नको:
सुगम संगीत हा आकाशवाणीने रुळवलेला शब्द आहे हो, त्यात भावगीतं भक्तिगीतं येतात, वाचणारा हार्मोनियम ऐकायला लागेल. आणि गावरान तर अजिबातच नको. कंट्रीच्या रेकॉर्डी जिथे निघायच्या ते नॅशव्हिल शहर म्हणजे कारखाना होता, पन्नासच्या दशकाच्या शेवटी चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या तिथल्या निर्मात्यांनीच फिडल काढून व्हायोलिनचे ताफे आणि कोरस बसवले, का तर रेकॉर्डी शहरात खपाव्यात. ॲटकिन्सना विचारलं हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय, तर ते खिशातली नाणी खुळखुळवायचे असं सांगतात. भांडण पण जुनंच आहे, 1974 ला कंट्रीवाल्यांच्या संघटनेने उत्कृष्ट गायिकेचा मान ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला दिला, इंग्लंडात जन्मलेली ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉपवाली, तर जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गाणाऱ्या नवराबायकोच्या घरी गायक मंडळी जमली आणि वेगळी संघटनाच काढली. त्या लोकांच्या मनात जो शब्द होता तो आपल्याकडे आहे, 'गल्लाभरू'. नाटक-सिनेमाला आपण कायम वापरतो.

तबकडी:
'गल्लाभरू' लिंडाला लागू नाही. गल्लाच भरायचा असता तर 1983 ला चाळीस-पन्नास वर्षं जुनी गाणी संगीत संयोजक नेल्सन रिडलचा ऑर्केस्ट्रा घेऊन कोण गाईल? सगळ्यांनी नको म्हटलं होतं. ती रेकॉर्ड अमेरिकेत 30 लाखांवर खपली हा नंतरचा भाग. आणि 1987 ला तर मारियाची, म्हणजे मेक्सिकोच्या लोकसंगीतातली गाणी, स्पॅनिशमध्ये, टुसॉनच्या घरात लहानपणी वडिलांकडून ऐकलेली. मी म्हणेन 'कूस बदलली'.

पाटीपेन्सिल:
तबकडी, तुमचं सगळं पटतं पण आजोबांना ते पटलं नव्हतं आणि वाक्य त्यांचं आहे. मला न्याय नाही करायचा, भाषांतर करायचंय.

उंबरठा:
मग शब्द तिच्यासाठी नाही त्यांच्यासाठी शोधा. 'माझा हिरमोड झाला'. किंवा 'ती परकी झाली', लेक सासरी गेल्यावर म्हणतात तसं, त्यात तिची चूक नसते आणि तरी घर रिकामं होतं.

माडाची_सावली:
हिरमोड वरून आठवलं, माझं ठाम मत आहे की हा शब्द कोकणातला. माडाच्या झावळीच्या पात्यातला मधला कणा म्हणजे हीर, तो मोडला की पातं लगेच मान टाकतं. लहानपणी आम्ही हिराची केरसुणी बांधताना वडील ओरडायचे, हीर मोडू नका.

मोडीवाला:
मग 'हिरमुसणे'तला हिर कुठला? तिथे काय मोडतंय? दोन्हीचा उगम एकच असणार, झावळीचा संबंध मला ओढूनताणून वाटतो.

माडाची_सावली:
मुसणे म्हणजे चुरगळणे असेल. हीर मोडतो तसा चुरगळतो पण.

पाटीपेन्सिल:
काल संध्याकाळी आजोबांना जाऊन विचारलं, तुम्ही तेव्हा रागावला होतात का. म्हणाले नाही, वाट बघत होतो. 2013 ला तिने पार्किन्सन्समुळे आता गाता येत नाही असं सांगितलं त्या दिवशी त्यांनी 'मॅड लव्ह' काढून दुसरी बाजू पहिल्यांदा लावली, तेहतीस वर्षांनी. अंक शुक्रवारी छापायला जातोय. तूर्तास 'ती माझी राहिली नाही' लिहिलंय, पण तीन शब्दांचे चार झाले आणि पॉप कुठेच आलं नाही. अजून सुचलं तर सांगा.

गल्लाभरू_नको:
@माडाची_सावली, केरसुणी शिंदीच्या पानांची असते. हिरांचा तो खराटा.

माडाची_सावली:
आमच्या घरी दोन्हीला केरसुणीच म्हणायचे. लक्ष्मीपूजनाला हिराचीच ठेवायचो.