‘सगळे जमल्याशिवाय टेबल नाही’ : छळ नव्हे, हिशेब

कढीवाटी : ‘माणसं पूर्ण जमल्याशिवाय टेबल न देणं हा गिऱ्हाइकाचा छळ आहे,’ असं कालच्या धाग्यावर ठणकावून लिहिलंय. जरा हिशेब करा. चौघांची 12 टेबलं, प्रत्येकावर सरासरी 36 मिनिटं, म्हणजे दर 3 मिनिटांनी एक सुटतं. हॉटेलच्या दारावर थांबलेल्यांच्या वहीत दहावं नाव असेल तर अर्धा तास. दोघं आत बसले आणि दोघं पार्किंग शोधताहेत, की पंधरा मिनिटं नुसतं पाणी आणि मेनूकार्ड. अशी चार टेबलं झाली की एका टेबलाचा पूर्ण तास गेला. तो बाहेर उभ्या असलेल्यांचा जातो, मालकाचा नाही.

दारातला : चौघांतले तिघं आले तरी उभंच ठेवतात, त्याचं काय? तिघं ऑर्डर देऊ शकत नाहीत? आणि खरा त्रास पुकाऱ्याचा आहे. रहदारीच्या आवाजात एकदाच नाव घेतात आणि लगेच काट मारतात. तीनदा पुकारा, तरी कोणी आलं नाही तर दोन नावं खाली सरकवा.

रसमवडा : तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. दोन माणसं चौघांचं टेबल अडवतात! मुंबईत माटुंग्याला डोसा-कॉफीची जुनी हॉटेलं बघा, 1939 चं राम आश्रय घ्या की 1940 चं कॅफे मद्रास, अनोळखी माणसांशेजारी बसायला तिथे कुणी लाजत नाही. नाव लिहितानाच ‘शेअरिंग चालेल’ सांगा, सुट्या खुर्च्यांवर नंबर आधी लागतो.

पंगत : माटुंग्याचं उदाहरण सगळीकडे लावू नका! डोसा-कॉफीला ठीक आहे. थाळीचं ताट 13 इंची, टेबल 2 फुटी. समोरासमोर दोन ताटं ठेवली तरी 26 इंच होतात. शिवाय दोघं भातावर आलेले आणि शेजारी चटणी-कोशिंबिरीपासून सुरुवात. वाढप्याने पोळीची फेरी कुणासाठी मारायची?

रसमवडा : थाळीचं मान्य, तिथे नको. पण डोशाच्या ठिकाणीही लोक शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसतात, त्यांची बाजू घेऊ नका.

पंगत : घेतलेली नाही. खुर्चीमागे उभं राहून दुसऱ्याच्या ताटात बघणाऱ्यांचीही घेणार नाही.

कढीवाटी : सहा जण असाल तर ‘एकत्रच बसायचंय’ हा हट्ट आधी सोडा. त्यासाठी लगतची दोन टेबलं एकदम सुटावी लागतात आणि तोवर मागची चार-पाच नावं आत जातात. 4 अधिक 2 अशी दोन नावं द्या. रविवारी थाळीचं दार साडेअकराला उघडत असेल तर बाराला पोचणं सगळ्यात वाईट, कारण पहिली पंगत नुकतीच मध्यावर असते. सव्वाबाराच्या सुमाराला ती एकदम उठते. नाव त्याआधी वहीत हवं. आणि हो, चौघांतले तिघं असतील तर बसवावं, हे पटलं. दोघांना मात्र नाही.

दारातला : तिघांचं पटलं ना, मग पुकाऱ्यावरही बोला. ते सोयीस्कर गाळलंत.