हॉट व्हील्सच्या साध्या खेळण्यातल्या गाड्यांना आरसे का नसतात?

चाकवेडा: भाच्यासाठी घेतलेली पोर्शे निरखत होतो. बाजूचे आरसे नाहीत, चाकं प्लास्टिकची, मागचे दिवे रंगवलेलेच नाहीत. संग्राहक इतके असताना एवढं द्यायला काय हरकत आहे?

गॅरेजवाली: अहो, ती कोणासाठी घेतलीत ते तुम्हीच लिहिलंय की! आमचे चिरंजीव गाड्या थेट जिन्यावरून सोडतात. नाजूक आरसा पहिल्याच पायरीला मोडणार आणि तुकडा धाकटीच्या तोंडात. मुळात १९६८ मध्ये ही गाडी आली तीच नारिंगी ट्रॅकवर सुसाट पळायला. त्यासाठी बारीक अ‍ॅक्सल, कडक चाक. रबरी टायर दिसतो झकास, पण ट्रॅकच्या उभ्या गोल वळशात, लूपमध्ये, मान टाकतो. ट्रक असो की मिनी, सगळ्या जवळपास एकाच मापाच्या. माप ट्रॅकचं आणि पॅकिंगचं, खऱ्या गाडीचं नव्हे.

चाकवेडा: मग ट्रेझर हंट, म्हणजे साध्या गाड्यांत क्वचितच सापडणाऱ्या त्या खास गाड्या, कोणासाठी?

जुनाखेळगडी: ते १९९५ पासून आहे, आपल्याचसाठी. त्यातल्या आणखी दुर्मीळ 'सुपर' ट्रेझर हंटमध्ये रबरी टायरही मिळतो. शोधायचा कंटाळा असेल तर संग्राहकांसाठीची 'कार कल्चर' मालिका घ्या, तळसुद्धा धातूचा. खिसा मात्र सांभाळा.

गॅरेजवाली: आणि दुकानात हूकवर टांगलेल्या सगळ्याच गाड्या उचलू नका हो. पोरं रांगेत असतात.